केलरमधलं विरजण

कार्ल्सरूहेमध्ये शशिधर बर्व्याशी भांडण न झालेला मराठी माणूस शोधायचा म्हटला, तर नुकताच विमानातून उतरलेला एखादा विद्यार्थीच धरावा लागला असता, आणि तोही फार तर गणपतीपर्यंत. मंडळाच्या आरतीला शशिधर न चुकता जायचा. आरतीत कुणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं की टाळ थांबवायला लावायचा, मोदकाच्या पारीवरून शुभा साठ्यांना चार शब्द ऐकवायचा, आणि तो परत बूट घालेपर्यंत एक तरी नवा माणूस त्याच्यावर कायमचा रुसलेला असायचा. जर्मन लोकांनाही त्याने काही कमी पडू दिलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना तो जिन्यात दिसला, की त्या पर्समध्ये किल्ली शोधायचं निमित्त करून दाराकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

हा मनुष्य मूळचा पुण्याचा, शाळामास्तरांचा मुलगा. एकोणसत्तर साली शिकायला आला, इथल्या तांत्रिक विद्यापीठातून इंजिनिअर झाला आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्याची सगळी हयात गेली. तिथेही त्याचं कुणाशी पटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी केक आणला, तर त्यावर नावाचं स्पेलिंग चुकलं म्हणून हा केक न कापताच घरी आला. ही गोष्ट तो स्वतःच मोठ्या अभिमानाने सांगायचा. त्याच्या बायकोला, लीलाला, ती तोंडपाठ झाली होती. तो सांगायला लागला की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

अशा या माणसाचा आवाज जगात एकाच ठिकाणी खाली यायचा. त्यांच्या इमारतीच्या तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक खोली होती, तिला घरात केलरच म्हणायचे. बर्व्यांच्या केलरमध्ये एक जुना फ्रिज होता आणि त्या फ्रिजमध्ये एक काचेची बरणी. बरणीच्या तळाशी पांढुरका, दाट साका बसलेला असायचा. ते यीस्ट. शशिधर घरी बिअर करायचा, आणि त्या बिअरचा जीव या बरणीत होता. बरणीचं झाकण तो कधी गच्च लावायचा नाही. “त्याला श्वास घ्यायला जागा लागते,” म्हणायचा. लीला सर्दीने बेजार असली तरी थंडीत हा माणूस खिडकीची फट उघडू द्यायचा नाही, उष्णता बाहेर जाते म्हणून. पण बरणीला श्वास घ्यायला जागा होती.

दर खेपेला दुकानातून यीस्टची नवी पुडी आणणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. “दही लावायला रोज कुणी बाजारातून विरजण आणतं का?” हा त्याचा ठरलेला प्रश्न. मग समोरच्याला हवं असो वा नसो, तो सगळी कृती सांगायचा. जवाचं आणि गव्हाचं उकळलेलं पाणी गार करून त्यात यीस्ट घातलं, की एक-दोन दिवसांत वर फेस चढतो. पहिला फेस तपकिरी आणि कडू, तो टाकून द्यायचा. मग वर येतो तो पांढरा आणि मऊ. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पळीने तो अलगद उचलायचा, बरणीत भरायचा आणि गार जागी ठेवायचा. या खेपेचं पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेचं त्याच्या पुढच्या. खेप लांबली आणि यीस्ट बरणीत उपाशी राहिलं, तर थोडं माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची साखरेसारखी पूड, पाण्यात उकळायचं, कोमट झालं की त्यात बरणीतलं सोडायचं आणि हीटरजवळ ठेवायचं. ते पुन्हा तरारून येतं. हे सांगताना शशिधरच्या चेहऱ्यावर जी माया यायची, ती त्याच्या मुलीने, सियाने, लहानपणी क्वचितच पाहिली होती.

लीला या प्रकाराला ‘तुमचं विरजण’ म्हणायची. त्यात कौतुक नव्हतं.

पण शशिधरला ते विरजण जपायला कारणही होतं. ही जात विकत मिळत नव्हती. गावाबाहेरच्या टेकड्यांमधल्या एका खेड्यात एक म्हातारा गव्हाची बिअर करायचा, आणि बरणी घेऊन दारात येईल त्याला हसत यीस्ट द्यायचा. त्या बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा असा काही वास असे, की ती पिऊन शशिधर एकदा चक्क मंडळाच्या अध्यक्षांशी गोड बोलला होता. पुढे म्हातारा गेला, मुलांनी भट्टी मोडली, तिथे आता फ्लॅट आहेत. म्हाताऱ्याचं यीस्ट राहिलं ते शशिधरच्या बरणीत. आणि आणखी एका ठिकाणी. पण त्या ठिकाणाचं नाव बर्व्यांच्या घरात काढायचं नसे.

ते नाव प्रताप रेगे. प्रताप आणि शशिधर म्हणजे एकेकाळी ‘अरे शश्या’ आणि ‘काय रे परत्या’. त्या खेड्यात दोघं मिळून जायचे. शशिधरनेच प्रतापला पहिली पळी दिली होती आणि सांगितलं होतं, “आपल्याकडे शेजारी विरजण असतं ना, तसं हे. माझं बिघडलं तर मी तुझ्याकडे येणार, तुझं बिघडलं तर तू माझ्याकडे.” बरीच वर्षं हे असंच चाललं. मग गावात घरी बिअर करणाऱ्यांचा एक मेळावा भरला, स्पर्धा झाली, आणि प्रतापची गव्हाची बिअर पहिली आली. परीक्षकाने कौतुकाने विचारलं, यीस्ट कुठलं? प्रतापने जर्मनमध्ये सांगितलं, घरचं आहे.

खरं तर तो मराठीत विचार करून जर्मनमध्ये बोलला होता. घरचं लोणचं, घरचं तूप, तसं घरचं यीस्ट. बाजारचं नाही एवढंच. पण दुसऱ्या रांगेत बसलेल्या शशिधरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “कुणाच्या घरचं? ते माझ्याकडून उचललेलं आहे.” जर्मनमध्ये बोलताना त्याने वापरलेला शब्द ‘उचललेलं’पेक्षा बराच सरळ होता. तो चोरीचा शब्द होता. प्रतापने बक्षिसाचा बिअरमग टेबलावरून उचलला, कोट घातला आणि निघून गेला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. चूक आपली नाही याबद्दल शशिधरला तिळमात्र शंका नव्हती. अशी शंका त्याला कशाबद्दलच नसायची.

आता लीलाबद्दल. तिचं माहेर सांगलीचं, वडिलांचं किराणा मालाचं दुकान. त्या घरात दुकान कधी ‘बंद’ होत नसे, संध्याकाळी ते ‘वाढवत’. बांगडी फुटत नसे, वाढत असे. देवापुढे नारळ फोडत नसत, वाढवत. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढाच त्यातला अर्थ. हा शब्द ओच्यात बांधून लीला जर्मनीत आली आणि काही वर्षांनी तिने गावाच्या दुर्लाख भागात कपडे दुरुस्तीचं छोटंसं दुकान टाकलं. पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, कोटांची अस्तरं. गिऱ्हाइकं तिला फ्राऊ बार्वे म्हणायची आणि नाताळात चॉकलेटं आणून द्यायची. संध्याकाळी ती घरी फोन करायची, “दुकान वाढवतेय हं, निघते.” सुरुवातीला शशिधर खिजवायचा, “वाढवतेस? मग उद्या दोन दुकानं होणार का?” पुढे तोच विचारायला लागला, “वाढवलंस का गं?” त्या घरात नवराबायकोत थट्टेचं असं जे काही होतं, ते एवढंच.

शशिधर निवृत्त झाला आणि त्याला दुपारचं जेवण गरम लागायला लागलं. एक दिवस गार पोळी खाता खाता तो म्हणाला, “पुरे झालं आता, लीला. वाढव ते दुकान.”

लीलाचा हात थांबला. “वाढवू?”

“हो, वाढव. काय करायचंय आता?”

वसंत यायच्या आत दुकान वाढलं. कायमचं. आपण बायकोचे कष्ट वाचवले असं शशिधरला अगदी मनापासून वाटत होतं. लीलाचं शिवणयंत्र केलरमध्ये आलं, काही दिवस कापड पांघरून टेबलावर राहिलं. मग बिअरचं मोठं पातेलं ठेवायला ते टेबल सोयीचं आहे असं त्याच्या लक्षात आलं. यंत्र खाली उतरलं आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. त्याबद्दल लीला काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला चालतंय, असा त्याचा साधा हिशेब होता.

दोन हजार पाचच्या शरदात, सकाळी चहा पिताना, शशिधरच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका आली, त्याला क्लिनिकुममध्ये, गावातल्या मोठ्या इस्पितळात, नेलं, हृदयाची एक नळी तुंबली होती ती उघडली. जीव वाचला. संध्याकाळी त्याला पलंगावर आणून टाकलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, तुमची बायको दिवसभर बाहेर बसून होती, तिला आता घरी पाठवलंय, उद्या येईल. शशिधरने मान हलवली. छताकडे बघत तो पडून राहिला आणि त्याला एकदम आठवलं, बरणी! खेप आधीच लांबली होती, याच आठवड्यात तो बिअर लावणार होता. आता कोण जाणे किती दिवस इथे ठेवतील. यीस्ट उपाशी मरायचं. पलंगाशेजारी फोन होता. त्याने घरचा नंबर फिरवला.

“लीला, ऐक. केलरमधल्या फ्रिजमध्ये बरणी आहे. मला हे लोक इतक्यात सोडत नाहीत. तू ते वाढव.”

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतेस ना? आहे ते सगळं वाढव. उगाच हातचं राखू नकोस.”

“वाढवू?” लीलाने विचारलं.

“हो, वाढव. उद्याच. उशीर नको.”

“बरं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

कसं करायचं हे तिने विचारलं नाही, याचं शशिधरला समाधान वाटलं. इतकी वर्षं कानीकपाळी ओरडल्याचा काही उपयोग झाला म्हणायचा. त्या रात्री त्याला शांत झोप लागली.

घरी परत आला तो तडक केलरमध्ये. जिना चढू-उतरू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. डॉक्टरशीही त्याचं आदल्याच दिवशी वाजलं होतं. त्याने दिवा लावला आणि तो दारातच उभा राहिला. खोली लख्ख होती. फ्रिजची वायर काढलेली, दार उघडं, दार मिटू नये म्हणून मध्ये फडक्याची घडी. पातेली घासून एकात एक घातलेली. बाटल्या सगळ्या रिकाम्या, धुऊन खोक्यात उभ्या केलेल्या. बरणी स्वच्छ पुसून वर्तमानपत्रावर पालथी घातलेली. आणि टेबलावर, खोलीकडे तोंड करून, लीलाचं शिवणयंत्र.

वर येईपर्यंत त्याला धाप लागली होती. “यीस्ट कुठाय?”

लीला भाजी निवडत होती. “तुम्हीच म्हणालात ना, वाढव.”

“वाढव म्हणालो! वाढव म्हणजे मोठं कर! खायला घाल त्याला!”

“आमच्याकडे वाढव म्हणजे आवर. तुम्हाला ठाऊक आहे.”

“आणि बाटल्या? बाटल्यांच्या तळाशी होतं त्यात, त्यातून तरी परत उठवलं असतं! त्या का ओतल्यास?”

“आहे ते सगळं, म्हणालात.”

“कुठे ओतलंस?”

“संडासात,” लीला म्हणाली. “सिंकला वास राहतो.”

यानंतर शशिधर जे बोलला ते वरच्या बाईंनीही ऐकलं, भाषा कळत नसूनही. सांगलीच्या दुकानापासून सुरुवात झाली. वाण्याच्या घरातली पोरगी, तेल-गुळाची अक्कल, शब्दांना सोवळं नेसवणारी अडाणी माणसं, तुझ्या बापाने पोरीला भाषा शिकवली नाही आणि माझ्या गळ्यात बांधली, असं सगळं. लीलाचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शशिधरच्या पहिल्या बढतीच्या वेळी त्यांनी सांगलीहून पेढे पाठवले होते, ते त्याने चार दिवसांत एकट्याने संपवले होते. लीला खाली मान घालून मेथीची पानं खुडत राहिली. तिने स्वतःची बाजू मांडली असती तर तो आणखी भडकला असता. ती मांडत नव्हती, म्हणूनही तो भडकला.

मग घरात अबोला सुरू झाला. शशिधर समोर वर्तमानपत्र धरून जेवायचा. मीठ हवं असलं तर उठून घ्यायचा, मागायचा नाही. हॅम्बर्गहून सियाचा फोन आला, आईने तिला सगळं सांगितलं होतं. सियाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची. “पापा, दुकानातून नवीन घ्या की,” असं ती तिच्या भाषेत म्हणाली. शशिधरने फोन आपटला. नवीन! खेड्यातला म्हातारा दुकानात मिळतो का? ते केळं-लवंगेचं वारं पुडीत भरून मिळतं का? लीलाने एक चिमूटभर वस्तू फेकली नव्हती. तिने एक आख्खं कूळ बुडवलं होतं, आणि वर भाजी निवडत होती.

त्या कुळाचं आता जगात एकच घर राहिलं होतं, आणि ते प्रताप रेग्याचं. तेही तिथे जिवंत असेल तर.

प्रतापच्या दारात जायचं म्हणजे काय, हे शशिधरला पुरतं माहीत होतं. भर सभेत आपण ज्याला चोर म्हटलं त्याच्याकडे हात पसरायचा. हा विचार आला की तो उठून येरझाऱ्या घालायचा, मनातल्या मनात प्रतापला दोन शिव्या द्यायचा आणि परत बसायचा. पण बरणी रिकामी होती. शेवटी एका रविवारी त्याने बरा कोट घातला, बरणी कापडी पिशवीत घातली आणि प्रतापच्या भागात, नॉयरॉय्टला, जाणारी ट्राम धरली. मुद्दाम दुपारची. दिवेलागणीनंतर विरजण कुणी देत नाही, असल्या समजुतींना तो आयुष्यभर हसत आला होता. आज त्याने संध्याकाळ होऊ दिली नाही.

प्रतापने दार उघडलं. त्याचेही केस पांढरे झाले होते. त्याने शशिधरकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

“या, शशिधरराव,” तो म्हणाला.

‘या’ म्हणाला, पण दारातून हलला नाही. अरे शश्याचा शशिधरराव झाला होता. कुणी थोबाडीत मारली असती तरी शशिधरला इतकं लागलं नसतं.

“विरजण हवं होतं,” तो म्हणाला. यीस्ट म्हणायचं ठरवून आला होता, तोंडातून हे निघालं.

“कसलं?”

“तुला माहीत आहे.”

“आमच्याकडे फक्त घरचं आहे,” प्रताप म्हणाला. “चोरीचं आम्ही ठेवत नाही.”

हे वाक्य प्रतापने फार वर्षं तोंडात धरून ठेवलेलं दिसत होतं. शशिधरची कानशिलं तापली. एरवी तो मागे वळला असता, नाहीतर आत घुसून भांडला असता. पण बरणी हातात होती.

“प्रताप, माझं गेलं. मी क्लिनिकुममध्ये होतो, लीलाने सगळं ओतून टाकलं. म्हाताऱ्याचं ते तुझ्याकडे अजून आहे की नाही, एवढं सांग.”

“ते? ते मी वाढवलं.”

शशिधर बघतच राहिला. वाढवलं? म्हणजे सांभाळून मोठं केलं, की एकदाचं आटोपून टाकलं? प्रतापच्या चेहऱ्यावरून काही कळेना. शब्द एकच, आणि त्याच्या एका टोकाला यीस्ट जिवंत होतं, दुसऱ्या टोकाला मेलेलं.

“म्हणजे काय केलंस?” त्याने विचारलं.

“म्हणजे काय? मराठी विसरलात की काय, शशिधरराव? मंडळात सगळ्यांचं मराठी तर तुम्हीच सुधारता.”

“खरंच कळलं नाही, प्रताप. सांग ना.”

प्रतापने त्याला आणखी थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. त्याला ते आवडत होतं, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. मग त्याने शशिधरच्या हातातून बरणी घेतली, आत गेला आणि दार लावून घेतलं. शशिधर पायरीवर उभा राहिला. शेजारचा जर्मन म्हातारा कुंपणापाशी पानं गोळा करत होता, तो त्याच्याकडे टक लावून बघत होता. बऱ्याच वेळाने दार उघडलं. बरणी अर्धी भरलेली होती. तळाशी तोच पांढुरका, दाट साका.

“विरजण मागायला आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, अशी आमच्या आईची शिस्त होती,” प्रताप म्हणाला. “म्हणून देतोय. तुमच्यासाठी नाही. आणि पुढच्या वेळी वहिनींना पाठवा. त्यांना आत बोलवीन, चहा पाजीन.”

आणि दार बंद झालं.

ट्राममध्ये शशिधर बरणी मांडीवर घेऊन बसला. अपमानाने त्याचं अंग अजून जळत होतं. पण त्या जळण्याखाली दुसरंच काहीतरी त्याला टोचत होतं. प्रतापने ‘वाढवलं’ म्हटलं तेव्हा त्याला, शशिधर बर्व्याला, मंडळाचं मराठी सुधारणाऱ्याला, अर्थ लागला नव्हता. मग लीलाला फोनवर काय लागणार? जन्मभर दुकान वाढवणारी बाई ती. आपणच तिला एकदा याच शब्दात दुकान गुंडाळायला सांगितलं होतं. तिने तोच अर्थ घेतला, यात तिचं काय चुकलं? आणि आपण तिच्या मेलेल्या बापाला बोललो. शशिधरला लाज वाटली. ही गोष्ट त्याच्या इतकी सवयीबाहेरची होती, की आधी त्याला वाटलं परत छातीतच दुखतंय. चूक झाली, हे शब्द तोंडात कसे बसतात ते बघायला तो खिडकीकडे तोंड करून पुटपुटत राहिला. समोर बसलेली मुलगी उठून दुसरीकडे जाऊन बसली.

घरी येऊन त्याने माल्टचं पाणी उकळलं, कोमट केलं, त्यात बरणीतलं सोडलं आणि ते भांडं केलरमध्ये हीटरजवळ ठेवलं. टेबलावर शिवणयंत्राच्या सुईखाली कुणाचा तरी कोट होता, अर्ध्या बाहीपर्यंत अस्तर लागलेलं. लीला इथे येऊन बसते हे त्याला आत्ता कळलं. त्याने यंत्राला हात लावला नाही, भांडं स्टुलावरच ठेवलं. एवढं केल्यावर आपण फार मोठं मन दाखवलं असं त्याला वाटून गेलं.

माफी मात्र त्याने लगेच मागितली नाही. आधी यीस्ट उठतंय का ते बघायचं होतं. तो क्रम अजून बदलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने भांड्यावरचं फडकं उचललं, तर वर पांढराशुभ्र फेस चढलेला होता आणि खोलीभर केळं-लवंगेचा वास सुटला होता. शशिधरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो जिना चढून वर आला. लीला ओट्यापाशी होती, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवत होती.

“लीला,” तो म्हणाला. इतक्या दिवसांनी तो तिचं नाव घेत होता. “चूक माझी झाली. ‘वाढव’चे दोन अर्थ होतात. तुला दुसरा कळला, त्यात तुझा दोष नाही. तुझ्या वडिलांबद्दल बोललो ते मी बोलायला नको होतं.”

लीला वळली. नवऱ्याच्या तोंडून असं काही ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. तिने पदराला हात पुसले.

“आलं का वर ते?”

“आलं. छान आलंय.”

“मला कळलं होतं,” लीला म्हणाली.

“काय?”

“तुम्हाला काय म्हणायचं होतं ते. माल्ट उकळायचं, कोमट करायचं, हीटरजवळ ठेवायचं. इतकी वर्षं ऐकतेय, झोपेतसुद्धा करीन. दुकान वाढव म्हणालात तेव्हाही मला कळलं होतं, आणि बरणी वाढव म्हणालात तेव्हाही कळलं होतं. पहिल्या वेळी ऐकलं. दुसऱ्या वेळी नाही ऐकलं.”

“मग... का ओतलंस?”

“सकाळपासून त्या बाकावर बसले होते. तुम्ही वाचता की नाही, हे मला कुणी धड सांगेना. शेवटी घरी पाठवलं. कोटसुद्धा काढला नव्हता अंगातला, तोच फोन वाजला. तुमचा आवाज ऐकला आणि मला रडू आलं. वाटलं, आता विचाराल, नीट पोचलीस का. काही खाल्लंस का.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्ही म्हणालात, बरणी.”

सगळ्या कार्ल्सरूहेला पुरून उरलेल्या शशिधरने भाताच्या पातेल्यावरचं सरळच असलेलं झाकण पुन्हा सरळ केलं. लीलाने खुंटीवरची केलरची किल्ली काढली, चष्मा घेतला आणि ती दाराकडे निघाली.

“कुठे चाललीस?”

“खाली. कोटाचं अस्तर राहिलंय, संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे.”

“लीला,” तो घाईघाईने म्हणाला, “तिथे स्टुलावर ते भांडं...”

बोललेला शब्द परत घ्यायला त्याने हात पुढे केला, पण लीलाने ते ऐकलं होतं. ती उंबऱ्यात क्षणभर थांबली.

“आमटी गरम आहे, भात झाकून ठेवलाय,” ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली. “तुमचं तुम्ही वाढून घ्या.”